यंदा आमच्याकडे दिवाळी नाही

दसरा सरला की माझ्या दवाखान्यात अशी माणसं जास्त येऊ लागतात, ज्यांच्या घरातलं वर्षभरात कुणीतरी गेलं आहे आणि पहिला मोठा सण तोंडावर आला आहे. "यंदा आमच्याकडे दिवाळी नाही," एवढं सांगून ती थांबतात. मग हळूच विचारतात, "डॉक्टर, हे अजून किती दिवस चालायचं?"

मनोविकारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न ऐकल्यावर मला वाटतं, तो बहुतेकदा त्यांचा नसतोच. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारून पिठलं-भाकरी येते, कुणीतरी रात्री सोबतीला राहतं. मग सगळे आपापल्या घरी जातात आणि काही महिन्यांनी तेच आप्त फोनवर म्हणतात, "आता सावरायला हवं." दुःखात असलेल्या माणसाला मग वाटू लागतं, की आपलंच काहीतरी चुकतंय.

शिकलेल्या घरांत या घाईला 'पाच टप्प्यां'चा आधार मिळतो: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले, पण ते मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. आज तरुण मुलगा गमावलेली आई मला काळजीने विचारते, "मला अजून राग कसा आला नाही?" शोक हा पायरी-पायरीने चढायचा जिना नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

प्रत्यक्षात माणूस एकाच दिवसात कितीदा तरी इकडून तिकडे होतो. सकाळी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढतो, बँकेत वारसाचा अर्ज भरतो, गॅसचं कनेक्शन नावावर करून घेतो. दुपारी कपाटात गेलेल्या बायकोची शाल हाताला लागते आणि तो तिथेच बसून राहतो. संध्याकाळी नातवाच्या बोलण्यावर खळखळून हसतो आणि हसल्याबद्दल स्वतःलाच बोल लावतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की दुःख आणि व्यवहार यांच्यामधली ही ये-जा म्हणजेच शोक पेलण्याची निरोगी रीत. हसणं म्हणजे विसरणं नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

एक गोष्ट मात्र माणसं दार लावून घेतल्याशिवाय बोलत नाहीत. "संध्याकाळी सातला ह्यांच्या स्कूटरचा आवाज येतो." "आईची हाक ऐकू आली, अगदी स्पष्ट." मग डोळ्यांत भीती: मला वेड लागतंय का? वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी जवळजवळ ३०० विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं होतं. त्यांचा लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं; अनेकांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि बहुतेकांना त्यातून धीर मिळाला होता. चाळीस वर्षं एका आवाजाची वाट पाहिलेलं मन तो आवाज एका दिवसात सोडून देत नाही. हे ऐकल्यावर समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची भीती जाते. रडू येतं, पण ते वेगळं रडू असतं.

आपल्या परंपरेत गेलेल्याशी नातं राखायला जागा आहे. पितृपक्षात त्यांच्या आवडीची भाजी पानात वाढली जाते, वर्षश्राद्धाला सगळी भावंडं जमतात. पण याच परंपरेने नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तिला हळदीकुंकवातून उठवलं. ज्या क्षणी तिला माणसं हवी असतात, त्याच क्षणी तिला माणसांतून वजा केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. माझ्या दृष्टीने तो मानसिक आरोग्याचाही ठराव आहे.

काही थोड्या जणांचा शोक मात्र घट्ट गोठून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीच तीव्र ओढ, रोजचं जगणं ठप्प, सगळं निरर्थक वाटणं, असं असेल तर उपचार घ्यावेत. त्यांचा उपयोग होतो. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने कशाला, आजच बोलावं. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

आणि यंदा तुम्ही अशा एखाद्या घरी फराळाचा डबा घेऊन जाल, तेव्हा गेलेल्याचं नाव टाळू नका. "काकांना चकली कडकच लागायची ना?" असं सरळ विचारा. काकू रडल्या तर रडू द्या, विषय बदलू नका. त्यांचं बँकेचं काही काम अडलं असेल तर बरोबर जा. भाऊबीज झाली की येणारे-जाणारे थांबतात. तुम्ही फेब्रुवारीतही एकदा जा, काही निमित्त नसताना.