१० × ८० आणि तिची भावंडं: काही टिपणं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानविरोधी दलाची ओळखीची दुर्बीण म्हणजे १० × ८०. दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ८० मिलिमीटरची. आयपीस ४५ अंशांत वळवलेले, त्यामुळे डोक्यावरचं आकाश धुंडाळताना मान अवघडत नाही. ८० भागिले १० म्हणजे ८, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाश आयपीसमधून बाहेर येतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. उरलेल्या एका मिलिमीटरमुळे थंडीत कुडकुडताना डोळा जरा सरकला तरी विमान हरवत नाही. या यंत्रांवर माझा जीव जडला तो अशा तपशिलांमुळे.

*

जर्मन यंत्राच्या अंगावरची तीन छोटी अक्षरं आधी वाचावीत. कारखाना शत्रूला कळू नये म्हणून नावाऐवजी संकेत कोरत. बीएलसी म्हणजे येनाचे कार्ल त्साइस, बीईएच म्हणजे वेट्झलारचे लाइट्झ, सीएक्सएन म्हणजे राथेनोवचे एमिल बुश. ब्रिटिश यंत्रावर सरकारी मालकीचा बाण असतो. दोन बाण टोकाला टोक लावून दिसले, तर ते यंत्र सैन्यातून रीतसर विकलं गेलेलं आहे.

*

विमान भिंगांतून टिपायचा एवढा खटाटोप कशासाठी? उंचावरच्या विमानापर्यंत पोचायला तोफगोळ्याला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात बॉम्बफेकी विमान दीड-दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून नेम धरायचा तो विमान नंतर जिथे असेल त्या जागेवर, आणि त्यासाठी आधी नेमकं अंतर हवं. जर्मन कोमांडोगेरेट ४० या नेमाचा हिशेब करणाऱ्या गणकयंत्रावर चार मीटर लांबीचा अंतरमापक बसवलेला असे. आपल्या दोन डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटर अंतर, या यंत्रानं ते साठपटीनं वाढवलं. तरीही १० किलोमीटरवरच्या विमानापाशी त्या चार मीटरांचा कोन भरतो सुमारे ८२ विकला, म्हणजे अंशाचा चव्वेचाळिसावा भाग. उन्हानं नळी एका बाजूला तापली की हिशेब कोलमडलाच. अमेरिकनांनी तर आतलं तापमान सारखं राहावं म्हणून उंचीमापकांत हेलियम भरला.

*

आयपीसला डोळा कोण लावत होतं? ब्रिटनमध्ये १९४१ पासून मिश्र तुकड्यांतल्या मुली. त्या उंची मोजत, विमान ओळखत, गणकयंत्र चालवत. तोफ डागायचं काम मात्र पुरुषांचं. पंतप्रधान चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरी अशाच तुकडीत होती. जर्मनीत १९४३ पासून शाळकरी मुलांना विमानविरोधी दलात आणलं. त्यांतला सोळा वर्षांचा योसेफ रात्सिंगर पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाला. आयपीसभोवतीचं झिजलेलं रबर हातात घेतलं की मला ही पोरं आठवतात. म्हणूनच ते रबर फेकून नवं बसवणं मला पटत नाही.

*

हल्ली ही यंत्रं रंग खरवडून, धातू झगझगीत करून, चकचकीत तिपाईवर दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकतात. हा नासधुशीचा धंदा आहे. राखाडीवर चढलेला गडद पिवळा थर १९४३ नंतरची कहाणी सांगतो, कारण त्या वर्षी जर्मन लष्करी सामानाचा रंग बदलला. तो खरवडला की यंत्राची जबानीच गेली.

*

बुरशी. मुंबई-कोकणात संग्राहकाचा हाच खरा शत्रू. न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दुर्बिणींचीही तिनं दैना केली होती. मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावर मर्थायोलेट हे पारायुक्त औषध लागू पडतं हे शोधून काढलं. बुरशी पुसता येते, पण तिनं काचेत कोरलेल्या रेषा राहतात. पावसाळ्यात भिंगं बंद चामडी पेटीत ठेवू नयेत, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल बरं.

*

काही मापपट्ट्यांवर रेडियमचा रंग असतो. चमक केव्हाच विझलेली, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलं. रेडियम थकलेलं नाही, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. काच तुटलेली असेल तर हात लावू नये, खरवडू तर मुळीच नये. काही युद्धकालीन भिंगांच्या काचेत थोरियम असतं, ती काळानं पिवळसर होते. तसलं भिंग आयपीस म्हणून डोळ्याशी धरू नये.

*

मोठ्या दुर्बिणींचं सगळ्यात चांगलं काम शांततेतच झालं. चेकोस्लोव्हाकियातल्या स्काल्नाते प्लेसो वेधशाळेत २५ × १०० ची सोमेट बिनार ही जोडदुर्बीण धूमकेतू शोधायला वापरत. तिथल्या ल्युदमिला पायदुशाकोवा यांच्या नावावर पाच धूमकेतू आहेत.

*

तुमच्या घरी एखादं असं यंत्र पडून असेल, तर तीन गोष्टी करा. कोरलेल्या अक्षरांचे फोटो काढा. ते कोणाचं, कुठून आलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून यंत्राजवळ ठेवा. आणि जाणकार भेटेपर्यंत एकही स्क्रू उघडू नका. प्रिझम केसभर हललं तरी दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसू लागतात.