पक्षाघातानंतरची पावले

पक्षाघात झालेला मनुष्य पुन्हा कसा चालू लागतो, हे सामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत लिहावे, मज्जातंतूंच्या लांबलचक नावांत त्याला गुंतवू नये, अशी या अंकाच्या संपादकांची सूचना आहे आणि ती मला मान्यही आहे. परंतु ज्या विषयात लोकांचे गैरसमज रुग्णाच्या मुळावर उठतात, त्यात थोडा तांत्रिक तपशील टाळून भागत नाही, एवढी मुभा मी आरंभीच मागून घेते.

या वर्षी माझ्याकडे आलेले एक निवृत्त तलाठी अजून माझ्या मनातून जात नाहीत. उभी हयात ज्यांनी बांधाबांधाने फिरून पीकपाहणी केली, त्या गृहस्थांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि त्यानंतरचे पाच महिने घरच्यांनी त्यांना अत्यंत मायेने खाटेवर निजवून ठेवले. तेलाचे मालीश दोन्ही वेळा होत होते, कोणी सुचवले म्हणून पारव्याच्या रक्ताचा लेपही झाला होता, मुलगा आणि सून त्यांना उचलून न्हाणीघरात नेत होती. पण ‘इतक्यात चालवू नका, पडतील’ या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धाकाने त्यांना स्वतःच्या पायांवर मात्र कोणी उभे केले नव्हते. “डॉक्टरीणबाई, आता उशीर झाला का हो?” असे त्यांच्या पत्नीने मला विचारले. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेंदूच्या डाव्या भागातून निघणारे चालनातंतू मज्जारज्जूत शिरण्यापूर्वी बहुतांशी बाजू ओलांडतात, म्हणून डावीकडची रक्तवाहिनी बंद पडली की उजवे अंग लुळे पडते. जो भाग मृत झाला तो पुन्हा जिवंत होत नाही. परंतु त्याच्या भोवतालची सूज ओसरते, बचावलेले तंतू अधिक भार उचलू लागतात, आणि तो भार कोणत्या कामासाठी उचलायचा हे पुष्कळ अंशी वारंवार केलेल्या कृतीवरून ठरते. खाटेवर पडून मांडी उचलण्याचा सराव केला तर मांडी उचलता येईल, चालणे येईलच असे नाही. लोकांना दिसते ते फरफटणारे पाऊल. पण आमचे लक्ष असते ते मागे राहिलेल्या पायाकडे. कमरेचा सांधा पुरेसा मागे ताणला जातो काय आणि पोटरी जमिनीला रेटा देते काय, यावर पुढचे पाऊल सुटणे पुष्कळसे अवलंबून असते, आणि हे दोन्ही शरीराचा भार त्या पायावर आल्यावाचून घडत नाही. मालीशाला माझा विरोध नाही. परंतु कोल्हापूरच्या तालमीत मालीश होते ते जोर-बैठकांनी अंग मोडून घेणाऱ्या पठ्ठ्याचे; नुसत्या मालीशाने कोणी पैलवान झाल्याचे कोणत्याही वस्तादाने पाहिलेले नाही.

आमच्या शास्त्रातील ज्या वादाने माझी उमेदीची वर्षे व्यापली, तो येथे विस्ताराने सांगितलाच पाहिजे. जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेल्या बर्टा बोबाथ यांनी १९४३ मध्ये पक्षाघात झालेल्या एका व्यक्तिचित्रकारावर उपचार करताना असे पाहिले की, ताठरलेले अंग विशिष्ट रीतीने हाताळले असता सैल पडते. आणि त्यांचे पती डॉ. कॅरेल बोबाथ यांनी त्या निरीक्षणास शास्त्राची बैठक दिली. त्यापूर्वी लुळ्या अंगाची आशा सोडून धडधाकट अंगावरच भिस्त ठेवण्याची रीत होती. ती या दांपत्याने मोडली, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्या मतातून पुढे असा दंडक रूढ झाला की, रुग्णाने जोर लावला तर ताठरपणा वाढेल, वेडीवाकडी चाल एकदा अंगवळणी पडली की जाणार नाही, सबब शरीराची ठेवण आणि तोल निर्दोष होईतो त्याला चालवूच नये. १९८२ मध्ये सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली: जे काम परत शिकायचे, त्याचाच सराव केला पाहिजे. पुढील चाचण्यांनी बळवर्धक व्यायामाने ताठरपणा वाढत नाही असे दाखवले, आणि २००९ मध्ये १६ चाचण्यांचा एकत्र पडताळा घेण्यात आला तेव्हा बोबाथ पद्धत इतर पद्धतींहून सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. इतके होऊनही ‘आधी चाल सुधारा, मग चालवा’ हे फर्मान आजही अनेक ठिकाणी अंमलात आहे, याची मला खंत वाटते. रुग्णाची चाल सुधारावी असे मलाही वाटते. परंतु ती सुधारण्याची संधी तो चालत असतानाच मिळते, खाटेवर मिळत नाही.

मग सराव किती हवा? अमेरिका व कॅनडातील सात केंद्रांत २००९ च्या सुमारास प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा चालण्याच्या सरावाच्या एका बैठकीत रुग्ण सरासरी ३५७ पावले टाकतो असे आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र हजार ते दोन हजार पावलांचा सराव दिला जात होता. ही तफावत भरून काढण्याची आशा यंत्रांवर होती. रुग्णाला पट्ट्यांनी अधांतरी तोलून धरून सरकत्या पट्ट्यावर चालवण्याची पद्धत आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करवून घेतलेले बळाचे व तोलाचे व्यायाम, यांची तुलना अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झाली. तिचा निकाल २०११ मध्ये लागला: वर्षअखेर सुमारे ५२ टक्के रुग्णांची चाल वरच्या पायरीवर गेली होती, आणि यंत्राचा गट घरच्या गटाहून पुढे नव्हता. या निकालानंतरही लोक मला पहिल्या भेटीत विचारतात ते यंत्राविषयीच, आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो, तेव्हा माझा जीव खरोखर थकतो.

आता त्या माउलीचा प्रश्न. कोपनहेगन येथे ८०४ रुग्णांचा माग ठेवण्यात आला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार ९५ टक्के रुग्णांत चालण्याची जी काही सुधारणा व्हायची ती ११ आठवड्यांच्या आत झालेली होती. म्हणून घाई करावी, तर तिलाही मर्यादा आहे: २०१५ च्या २१०४ रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार आणि दीर्घकाळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती तुलनेने किंचित वाईटच निघाली. पहिल्या दिवशी संयम आणि प्रकृती स्थिरावल्यावर मुबलक चालणे, असा याचा इत्यर्थ. पण ११ आठवडे उलटले म्हणजे दरवाजा बंद झाला, असा हुकूम कोणी काढू नये. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत ज्यांना यंत्रावरील सराव सहाव्या महिन्यानंतर दिला, तेही वर्षअखेर इतरांच्या बरोबरीस आले. आणि २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत सहा महिन्यांहून जुन्या व चालू शकणाऱ्या रुग्णांसाठीही, नाडीचे ठोके चढतील इतक्या नेटाने चालण्याच्या सरावाची शिफारस आहे. अर्थात हृदयाची तपासणी झाल्यावर. तलाठीसाहेब आज काठी घेऊन अंगणात फिरतात. सेकंदाला ०.४ मीटरच्या आत वेग असेल तर मनुष्य सामान्यतः घरापुरता चालतो, ०.८ च्या पुढे गेला की निर्धास्त बाजारात जाऊ शकतो. ते या दोहोंच्या मध्ये आहेत. ते पाच महिने वाया गेले नसते तर ते कोठवर पोहोचले असते, याचा हिशेब कोणतेही शास्त्र मला मांडून देत नाही, आणि हीच गोष्ट मला टोचते.

दोष त्या कुटुंबाचा आहे असे मी म्हणणार नाही. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करवून घ्यावा, ही तजवीज मलाही फार आशादायक वाटत होती. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत सहा महिन्यांनी ४७ टक्के रुग्ण मृत वा परावलंबी होते, म्हणजे तजविजीने फरक पडला नव्हता. हा निकाल मी कितीदा तरी वाचला आहे. तो अमेरिकी निकालाशेजारी ठेवला की माझे अनुमान असे होते की, महाग यंत्र नसले तरी चालेल, पण केवळ मायेवर भिस्त ठेवून भागणार नाही. रुग्णाच्या घरी नियमाने येऊन, त्याला न भिता उभे करणारा, दर आठवड्याला सराव वाढवणारा प्रशिक्षित मनुष्य हवाच. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवण्यासाठी आज पैसा उभा राहतो, आणि राहावाच. परंतु रुग्ण घरी गेल्यानंतरच्या पावलांचा खर्च बहुधा त्या कुटुंबाच्याच गळ्यात पडतो, आणि ज्यांना तो झेपत नाही ते मालीशवाल्याला बोलावतात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असा फिरता फिजिओथेरपिस्ट सरकारी खर्चाने नेमला जाईतो, आम्हा तज्ज्ञांनी लोकांच्या अज्ञानाविषयी तक्रार करण्याचा अधिकार अपुराच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.