अडकित्ता मोडीत घालण्यापूर्वी



दारात मोडवाला आला की घरातून आधी काय बाहेर निघते, हे आपण कधी पाहिले आहे काय? ठोके पडलेला तांब्या, कान तुटलेले पातेले, आणि त्यांच्या जोडीला आजीच्या चंचीत पडून राहिलेला अडकित्ता. पान खाणारे माणूस गेले, आता याचा उपयोग काय, असे म्हणून तो तागडीत पडतो. पाव किलोच्या आतबाहेर पितळ, त्याचे पैसे ते किती येणार! 

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. बी. एस्सी. ॲग्री होऊन तीस वर्षे उलटली. नोकरीतली फिरती आणि मोडवाल्याची फिरती एकाच रस्त्याने चालते, त्यामुळे बावीस वर्षांत माझ्याकडे ६३ अडकित्ते जमले. एकाही नगाला ५०० रुपयांच्या वर दिलेले नाहीत, कारण पगारात घर, मुलांची शिक्षणे आणि गावाकडची चार एकर कोरडवाहू बसवून मग छंद बसवायचा असतो. आमच्या सौभाग्यवतींची अट एकच आहे. लोखंड-पितळ हवे तेवढे आणा, सुपारी आणायची नाही. ही अट मला पूर्ण मान्य आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा हा लेख पान खाण्याची शिफारस नव्हे. वस्तू वेगळी, व्यसन वेगळे.

हा शब्द मोठा गमतीचा आहे. कानडीत सुपारीला अडिके म्हणतात आणि कात्रीला कत्तरी. तिकडची अडकत्तरी आपल्याकडे अडकित्ता झाली. मल्याळीत सुपारीला अडक्का म्हणतात, त्यावरून युरोपियनांनी अरेका केले. कॉलेजात पोफळीचे ‘अरेका कटेचू’ हे नाव आम्ही घोकून पाठ केले, ते असे आपल्या अडकित्त्याचे भावबंद निघाले. गुजराथेत याला सुडी म्हणतात आणि जामनगरची सुडी तिकडे प्रसिद्ध आहे. हिंदी मुलखात सरोता.

अडकित्ता ही एक तरफ आहे. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला आपली मूठ आणि मध्ये सुपारी. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका जोर कमी लागतो. म्हणून तर दात गेलेली म्हातारी माणसेही दगडासारखी सुपारी कातरीत असत. साधा अडकित्ता गावचा लोहार करी, सगळा लोखंडाचा. पितळी अडकित्ता ओतीव असतो. त्यावर राघू, मोर, घोडा, क्वचित नवराबायकोची जोडी, कोणाच्या दांड्याला घुंगरू. पाते मात्र लोखंडाचेच, पितळेत बसवून खिळ्यांनी पक्के केलेले. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते जरूर पाहा. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभे केले. घराघरांतल्या दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तूंनी ते भरले आहे.

आता खरेदीविषयी. शहरातल्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानात जाऊ नये. तिथे नवा माल आम्लात बुडवून जुना केलेला असतो. जुना बाजार, आठवड्याचा बाजार, मोडीचे दुकान, ही आपली ठिकाणे. जुना अडकित्ता हातात घेतला की बोटे बसतात तिथे गुळगुळीत लागतो आणि सांदीकोपऱ्यात नक्षी तशीच टोकदार राहते. सगळीकडे सारखाच झिजलेला असेल तर समजावे की कानशीने झिजवला आहे. पात्याला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले नाही तर पातेही पितळेचे, म्हणजे ती नुसती शोभा. त्याने सुपारी कधी कातरली गेली नसणार. एक गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणल्यावर उतावीळपणा करू नये. खिळा गच्च धरलेला असतो, जोर केला की दांडा तुटतो. खिळ्याला रात्रभर गोडे तेल सोडून ठेवावे. पूर्वी रॉकेल वापरीत; आता ते मिळत नाही, डिझेल चालते, पण विस्तवापासून लांब. सकाळी हलक्या हाताने उघडझाप करावी. सुटला नाही तर पुन्हा तेल. माझा एक अडकित्ता अकराव्या दिवशी सुटला. पितळेला चिंच लावावी, पण मीठ लावू नये, कारण मिठाचा अंश पात्याशी राहिला की आठ दिवसांत गंज धरतो. चिंच झाल्यावर स्वच्छ धुऊन, फडक्याने पुसून उन्हात वाळवावा. तारेची घासणी कधीही नको; काथ्या आणि बारीक चाळलेली राख पुरे. कोपऱ्यातला काळसरपणा तसाच राहू द्यावा, त्यानेच नक्षी उठून दिसते. खिळा ढिला असेल तर ऐरणीवर ठेवून हातोडीने दोन बाजूंनी हळू टोकावा. तुटला असेल तर लोहाराकडून पितळेच्या तारेचा नवा करून घ्यावा. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. तो पोपटाची चोच वितळवून देईल. शेवटी मेणाचा पातळ हात. मेण मधमाश्या पाळणाऱ्याकडून आणावे. माझ्या तालुक्यात तो माझाच प्रशिक्षणार्थी आहे.

एवढे सांगितल्यावर एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. स्वस्तात मिळालेली जुनी वस्तू बहुधा कोणाच्या तरी नडीतून आलेली असते. दुष्काळाच्या वर्षी मोडीची दुकाने भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, एका वस्तीवर पाहणीला गेलो होतो. मोडवाला दारात होता. आजीबाईंनी दोन हंडे काढले होते आणि वर राघूंच्या जोडीचा अडकित्ता, खिळा तुटलेला. मोडवाल्याने त्याचे ६० रुपये सांगितले. मी ३०० देऊ केले.

“साहेब, ह्यो माझ्या सासूचा,” आजी म्हणाल्या. “आमच्यात नवरदेवाला हळद लागली की ह्योच हातात देत्यात.”

मी म्हणालो, “आजी, मग मी विकत घेत नाही, ठेवून घेतो. लागेल तेव्हा तीनशे देऊन घेऊन जा.” घरी येऊन चिठ्ठी लिहिली: नाव, गाव, साल, रक्कम. ती दोऱ्याने दांड्याला बांधली. तेव्हापासून घराघरांतून आलेल्या प्रत्येक नगाला अशी चिठ्ठी आहे. तुम्हीही कोणाच्या घरची वस्तू घेतलीत तर ती बांधाच.

नवा खिळा घातला, साफ केला, तेव्हा तो माझ्या संग्रहातला पहिल्या नंबरचा नग ठरला. दोन्ही राघूंच्या गळ्यातले कंठ बारीक टाकीने कोरलेले. तसा दुसरा मला अजून मिळालेला नाही. २०२३ च्या वैशाखात आजींचा नातू मोटारसायकलवरून आला, तीनशे रुपये हातात धरूनच. “काका, लग्न ठरलंय. आजीनं पाठवलंय.” देताना हात जड झाला, खोटे कशाला सांगू! पैसे मी घेतले. फुकट दिला असता तर आजींना ते रुचले नसते. असे आजवर सात अडकित्ते परत गेले आहेत.

लग्नानंतर त्याने फोनवर फोटो पाठवला. हळदीने माखलेला नवरदेव, हातात अडकित्ता, त्यात अडकवलेले लिंबू. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. पात्यावर तांबडे डाग आले आहेत, काय करू? लिंबू दोन दिवस तसेच ठेवले होते. मी सांगितले, तेल लाव, राखेने पूस, आणि मेणाची डबी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवून दिली.