शिल्लक किती?

सोलापूरच्या कापडपेठेत तीन पिढ्यांची पेढी चालविणाऱ्या एका कुटुंबाने दिवाळीनंतर अंदमानला जाण्याचे ठरविले. थोरल्या मुलाने व सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी तारकर्ली येथे, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत, स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला होता. धाकट्याला प्रथमच समुद्राखाली उतरावयाचे होते. मुक्काम स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर. तेथे अशी सोय करणारी केंद्रे बरीच असल्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न रीतीप्रमाणे वडिलांपुढे आला.

वडिलांनी पेढीच्या शिरस्त्याने दर मागविले. पहिल्या केंद्राचा दर कमी होता आणि उत्तरही तत्काळ आले : ‘फक्त या, बाकी सर्व आम्ही पाहतो.’ दुसऱ्या केंद्राने दर सांगण्यापूर्वी प्रश्नच पाठविले. शेवटचे डायव्हिंग केव्हा केले? आजवर किती वेळा? वजन किती? कोणती औषधे चालू आहेत? परतीचे विमान कोणत्या दिवशी व किती वाजता? सोबत प्रत्येकासाठी आरोग्याची प्रश्नावली होती. वडील किंचित वैतागले. माल दाखविण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता.

प्रश्नावलीत दम्याविषयी एक प्रश्न होता. धाकट्याने त्यापुढे ‘नाही’ अशी खूण केली. ती आईच्या नजरेस पडली. तो सातवीत जाईपर्यंत हिवाळ्यातल्या किती रात्री त्याला मांडीवर घेऊन बसून काढाव्या लागल्या, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. वडिलांनी विषय मिटविण्याचा प्रयत्न केला, “जुनी गोष्ट आहे ती. दहा वर्षांत इनहेलरला हात लावलेला नाही. लिहून उगाच अडचण कशाला?”

आई एवढेच म्हणाली, “अहो, बँकेकडे कर्ज मागताना कोणी जुने देणे लपविले, तर त्याची पत गेली असे तुम्हीच म्हणता. हा तर स्वतःच्याच छातीशी खोटे बोलतो आहे.”

खूण बदलली गेली. केंद्राकडून उत्तर आले की छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज धाकट्याला पाण्याखाली नेता येणार नाही. कारणही समजावून दिले होते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना प्रसरण पावते व पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही, हा या विद्येतील पहिला नियम. दम्याने श्वासनलिका आकसली तर हवा आत अडकते. माणसाने श्वास रोखला नसला तरी तो रोखल्यासारखाच होतो आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

डॉक्टरांनी व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर फुंकर मारण्याची चाचणी घेतली. व्यायामानंतर नलिका आकसत असल्याचे दिसले. त्यांनी स्पष्ट नकार दिला. मात्र जीवरक्षक जाकीट घालून, सोबतीने, पाण्यावर तरंगत खाली पाहण्यास मोकळीक दिली. दोन दिवस मुलगा घरात कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने गुपचूप पहिल्या केंद्राला दूरध्वनी केला. ‘आमच्याकडे या, डॉक्टरांचा कागद लागत नाही,’ असे उत्तर मिळाले. संध्याकाळी त्याने ते स्वतःच वडिलांना सांगितले.

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ज्याला गिऱ्हाईक परत पाठविता येत नाही, त्याच्याकडून श्वास विकत घ्यायचा नाही.” दुसऱ्या केंद्राने धाकट्यासाठी घेतलेले आगाऊ पैसे मागणी न करताच परत केले. दोन्ही दरांतील फरकाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

आता प्रश्न उरला टाकीचा. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती बहुधा आपलीच साधी हवा, गाळून व दाबून भरलेली असते. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची; २०० बार दाबाने भरली की तीत सुमारे २,२२० लिटर हवा मावते. भाडे सारखेच, तर दोघांनीही १५ लिटरची मोठी टाकी घ्यावी, असा वडिलांचा व्यापारी सल्ला होता. प्रशिक्षकाने दोघांच्या तारकर्लीच्या नोंदवह्या मागविल्या. सुरुवातीचा दाब, अखेरचा दाब, खोली, मिनिटे असा जमाखर्च त्यांत होता. त्यावरून पृष्ठभागाच्या मापाने थोरल्याचा श्वास मिनिटाला २५ लिटर निघाला, सूनबाईंचा अवघा १४.

मग वडिलांनी स्वतः कागद पुढे ओढला. दहा मीटरवर खर्च दुप्पट, म्हणजे मुलाचा ५० लिटर, सुनेचा २८. प्रत्येक टाकीत ५० बार राखीव; त्याला हात लावावयाचा नाही. नेहमीच्या टाकीत वापरण्याजोगी हवा १,६६५ लिटर; मुलगा ३३ मिनिटांत तळ गाठणार. पंधरा लिटरच्या टाकीत २,२५० लिटर, म्हणजे ४५ मिनिटे. सूनबाईंना मात्र १० लिटरची लहान टाकीही ५३ मिनिटे पुरते! जोडीतील एकाची हवा राखीव पातळीवर आली की दुसऱ्यालाही वर यावे लागते. तेव्हा मुलाला मोठी आणि सुनेला लहान, हाच खरा मेळ. सूनबाईंच्या पाठीवरचा भारही हलका झाला. प्रशिक्षकाने एक ताकीद दिली : मोठी टाकी अधिक खोल जाण्याचा परवाना नव्हे. १८ मीटरवर, म्हणजे त्यांच्या प्रमाणपत्राच्या मर्यादेवर, दाब २.८ पट होतो व तीच हवा मुलाला ३२ मिनिटेच पुरते.

बेटावर पोहोचल्यावर वडिलांनी माल पारखावा तशी पाहणी केली. हवा भरण्याच्या यंत्राचे तोंड जनरेटरच्या धुरापासून दूर होते. टाक्यांच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली होती. नावेवर तातडीच्या वेळेसाठी ऑक्सिजनची पेटी होती आणि निघताना व परतताना नावानिशी हजेरी घेतली जात होती. दोन वर्षांचा खंड पडलेला म्हणून पहिल्या सकाळी दोघांना उथळ पाण्यात उजळणी करावी लागली. परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास डायव्हिंग नको, म्हणून शेवटचा दिवस मोकळा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दोघे उतरले. आई नावेच्या काठाशी बसून होती. डब्यातले खाकरे तसेच राहिले. धाकटा उथळ प्रवाळावर तरंगून आला होता. ओल्या अंगाने वडिलांची वही मांडीवर घेऊन त्याने उतरण्याची वेळ टिपली आणि घड्याळावरची नजर हलू दिली नाही.

त्रेचाळीस मिनिटांनी दोन डोकी पाण्यावर आली. दोघांनी हाताने ठीक असल्याची खूण केली.

“काय पाहिलेत रे?” आईने विचारले.

पण तिच्याआधीच धाकट्याने हाक दिली होती, “दादा, शिल्लक किती?”

“पंचावन्न!”

“आणि वहिनी?”

“ऐंशी!”

त्याने दोन्ही आकडे वहीत मांडले, खाली रेघ ओढली आणि वही वडिलांच्या हाती दिली.