आमच्या घरात पेळू आलाय!

पहाटे साडेपाचला फरशीवर टकटक टकटक वाजतं. चार पायांची नखं. मग एक ओलं, गार नाक माझ्या तळहाताला टेकतं आणि मी उठते. हसत उठते! बासष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे दुखत असताना, चहाच्याही आधी मी हसते आहे, आणि हे रोज होतंय, गेले पाच महिने रोज! भाजीवालीला सांगून झालं, भिशीच्या मैत्रिणींना सांगून झालं, तरी मन भरत नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मी 34 वर्षं यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवलं. हे कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. आमच्या दोघांच्याही घरी गाईगुरं होती, खळ्यावर राखणीला कुत्रीही होती, पण ती खळ्यावर. उंबऱ्याच्या आत कुत्रं ही कल्पनाच आम्हाला नव्हती. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर ते डोळे मिटून घेतं, हे मला या जूनपर्यंत माहीत नव्हतं. बासष्ट वर्षं!

आधीचं घर कसं होतं ते सांगते. मुलगा पुण्याला, हिंजवडीत. मुलगी कॅनडात. आमच्या दारव्हा रोडकडच्या गल्लीत सात घरं, त्यातल्या चारांत नुसती दोघंदोघं माणसं. रोज रात्री यवतमाळातून पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात आणि त्यातून आमची सगळ्यांची मुलं गेली. चांगल्यासाठीच गेली, आम्हीच शिकवलं, आम्हीच पाठवलं. तक्रार कुणाची करायची? पण घर गप्प झालं. आमच्यात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. फक्त बोलायचं काही उरलं नव्हतं. एकदा मी मुद्दाम मोजलं. सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळ्यांपर्यंत आमच्यात अकरा वाक्यं झाली. गोळी घेतली का. कूलरमध्ये पाणी टाकलं का. नळ आले का. फोनवर मुलांनी ‘काय चाललंय?’ विचारलं की दोघंही एकाच सुरात म्हणायचो, ‘काही नाही, नेहमीचंच.’ ते खरंच होतं.

आणि मग नवतपा चालू असताना, बाहेर पाखरू दिसत नाही अशा दुपारी, यांचे दारव्ह्याचे जुने सहकारी दारात उभे राहिले. तेही ग्रेडरच. दोघं नवराबायको कायमची पुण्याला मुलाकडे निघाली होती आणि फ्लॅटमध्ये कुत्रं नेता येत नव्हतं. भाऊजींच्या काखेत एक पांढरं गाठोडं. चार वर्षांचा कुत्रा, वजन सहा-साडेसहा किलो, काळेभोर डोळे, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट. नाव पेळू. सूत कातायला पिंजलेल्या कापसाची सुरळी करतात तो पेळू. आयुष्य कापसात गेलेल्या माणसानं दुसरं काय नाव ठेवावं! ‘पंधरा दिवस ठेवून पाहा वहिनी,’ भाऊजी म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. त्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

यांनी काय केलं असेल? खाली बसले, पेळूच्या मानेवरच्या केसांची एक बट बोटांच्या चिमटीत धरली आणि हलकेच ओढून पाहिली, जशी खरेदी केंद्रावर हजारो गाड्यांतल्या कापसाची पाहिली होती. धाग्याची लांबी बघायची ती जुनी सवय. म्हणाले, ‘एच-फोरच्या वर जातो हा!’ निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मी यांच्या तोंडून एच-फोर हे कापसाच्या वाणाचं नाव ऐकलं नव्हतं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी मावशी दारातच थबकली. ‘बाई, हे कुत्रं व्हय का फुटलेलं बोंड?’

पहिले दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही. फाटकाकडे तोंड करून बसून राहिला. रस्त्यावरून स्कूटर गेली की कान उभे व्हायचे, मग पडायचे. मला ते बघवेना, कारण ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. मुलीचं विमान उडालं त्यानंतरचा आठवडा मी त्याच वऱ्हांड्यात, त्याच फाटकाकडे बघत असाच काढला होता. तिसऱ्या दिवशी मी दहीभात कालवला, ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी खाली बसले. काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं त्यानं एक घास खाल्ला. मग हनुवटी माझ्या पावलावर ठेवून दिली. एवढीशी ती हनुवटी, पण मला उठवेना. स्वयंपाक तसाच पडला, मी अर्धा तास हलले नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. एका सकाळी मी फोडणी टाकत होते आणि बाहेरून आवाज आला, ‘काय रे माझ्या राजा, झोप झाली का? कुठं होता तू इतके दिवस?’ मला वाटलं कुणी पाहुणा आला. डोकावून बघते तर हे! सदतीस वर्षांच्या संसारात हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मुलं लहान होती तेव्हा दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू व्हायचा आणि हे केंद्रावर. गाड्यांच्या रांगा, वजनकाटा, शेतकऱ्यांची हातघाई. घरी यायचे तोवर मुलं झोपलेली. मुलांचं बोबडं बोलणं यांना मिळालंच नाही. तो आवाज इतकी वर्षं आत तसाच होता हो! मोहरी करपली, तरी मी तिथंच उभी राहिले.

आता आमची वाक्यं मोजायची सोय उरली नाही. पेळूनं आज काय केलं, शेजारच्या मांजरीनं त्याला कसं हुसकावलं, पाऊस आला तर फिरायला कधी न्यायचं, त्याला ताप आहे की मलाच तसं वाटतंय, यावर आम्ही बोलतो, वाद घालतो, हसतो. पेळूवरून सुरू होतं आणि कुठल्या कुठं जातं. परवा दारव्ह्याच्या आठवणी निघाल्या. शकुंतला रेल्वेनं हे दारव्ह्याहून यायचे, 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, शर्टावर कोळशाचे कण असायचे आणि मी ते झटकायचे. हे मी विसरले होते. यांना आठवत होतं!

ढोरांच्या दवाखान्याची गोष्ट ऐकाच. पेळूला घेऊन गेलो तर पुढे एक बैलजोडी, दोन शेळ्या, खुरी झालेली एक गाय, आणि मध्ये मी मांडीवर पांढराशुभ्र पेळू घेऊन बसलेली. बैलवाल्या शेतकऱ्यानं स्वतःहून सावलीतली जागा दिली आणि विचारलं, ‘दुखते काय त्याले?’ डॉक्टरांनी आम्हाला किती काय काय शिकवलं! पहिलं म्हणजे आपल्या गल्लीबोळांत ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा पामेरियन नसतोच, तो इंडियन स्पिट्झ असतो. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना, 1994 चा? तो याच जातीचा. आपल्या हवेला सरावलेला. तरी यवतमाळच्या पंचेचाळीस अंशांत जपायचंच, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकत तो अंग गार करतो. उन्हाळ्यात भादरायचं नाही, ते केसच त्याची चामडी उन्हापासून राखतात. डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात टेकून बघायचा, हाताला सोसवेना तर त्याच्या पावलांनाही सोसत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही द्यायचं नाही. पावसाळ्यात गोचीड रोज बघायचे, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत. आणि रेबीजची लस दर वर्षी, तारीख न चुकवता. शेजारच्या काकूंना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांना मी लसीचं कार्ड नेऊन दाखवलं. त्यांची भीती खोटी नाही, ती आपणच घालवायची. आता त्या लांबूनच म्हणतात, ‘जेवला का गं तुझा?’

फळ्यावर लिहावी तशी ही यादी मी फ्रिजवर लावली आहे. आणि लहान कुत्रं आपल्या वयाला किती सोयीचं, हे पाळल्याशिवाय कळत नाही. साखळीला हिसका दिला तरी आपण पडत नाही. आजारी पडला तर उचलून रिक्षात बसता येतं. वाटीभर अन्न पुरतं. लहान जातीची कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात हे कळलं तेव्हा तर मला इतकं हायसं वाटलं! आम्ही नसू तेव्हा त्याला कोण बघेल, हेही बोलून ठेवलंय. मुलगा ‘मी नेईन’ म्हणाला, आणि मी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मुलगी तिकडून काय काय पाठवत असते. जपानमध्ये अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात जे माया घट्ट करतं तेच ते! माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे आढळलं नाही, कुत्र्यांमध्ये आढळलं. वाचून मी पेळूकडे बघितलं, तो माझ्याकडे बघतच होता. 2022 मध्ये आणखी एक शोध लागला. कुत्र्याला लहान चण देणारा जनुकाचा प्रकार सायबेरियातल्या सुमारे 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही सापडला. म्हणजे माणसानं कुत्रा पाळण्याच्याही कितीतरी आधीपासून हे लहानपण रानातल्या लांडग्यांमध्ये वाट बघत होतं. माझ्या मांडीवर झोपलेल्या या सहा किलोंमागे केवढा काळ आहे!

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडलं ते आपलंच. वर्गात मी नामदेवांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. भूतदयेची गोष्ट म्हणून मी ती सांगायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. आता रोज संध्याकाळी पेळूच्या भाकरीच्या काल्यात दूध घालताना मला नामदेवांचे धावणारे पाय दिसतात. ते कर्तव्य म्हणून धावत नव्हते हो, त्यांना राहवलंच नसेल! आणि देवघरातली ती माहूरहून आणलेली दत्ताची तसबीर. तीस वर्षं तिला हार घातला. पायाशी चार कुत्री आहेत, ते चार वेद, हे पाठ होतं. पण त्यातलं एक मान वर करून दत्ताच्या तोंडाकडे बघतंय, हे मला या श्रावणात दिसलं. पेळू यांच्याकडे अगदी तसाच बघतो.

तान्ह्या पोळ्याला गल्लीतली मुलं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली. इतर वर्षी पैसे घेऊन पळायची. यंदा पाऊण तास हलली नाहीत. पेळूला झूल घातली, कपाळाला गुलाल लावायला निघाली तर तो मात्र मी थांबवला, डोळ्यात गेला असता. तेव्हापासून शाळा सुटली की फाटकाशी चारपाच दप्तरं येऊन पडतात. एक मुलगी पाढे म्हणून दाखवते, कारण पेळूला सोडायचं तर आधी सतराचा पाढा, असा माझा नियम आहे. माझी शाळा पुन्हा भरते आहे!

दिवाळीत दोघंही मुलं आली होती; मुलगी तीन वर्षांनी. पेळूला फटाक्यांचं फार भय, तो पलंगाखाली जाऊन थरथरायचा. मुलानं खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि लक्ष्मीपूजनाची सगळी संध्याकाळ फरशीवर त्याच्याशेजारी आडवा पडून राहिला. मी दारातून बघितलं. यांनीही बघितलं. बापलेक त्या रात्री बाराएकपर्यंत कापसाच्या भावापासून कंपनीतल्या कामापर्यंत बोलत बसले होते, मध्ये पेळू.

मग जायचा दिवस आला. दोघं एकाच ट्रॅव्हल्सनं पुण्याला, मुलगी तिथून पुढे. दर वर्षी काय होतं ते मला पाठ आहे. गाडीचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत आम्ही उभे राहतो, मग न बोलता घरी येतो, हे टीव्ही लावतात, मी आवरलेलं स्वयंपाकघर पुन्हा आवरते. यंदाही दिवे दिसेनासे झाले. मी पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात यांनी माझा दंड धरला. ‘चल, चल लवकर. फटाके वाजताहेत अजून. एकटा आहे तो.’

आणि आम्ही चालू लागलो, भराभर, माझे गुडघे विसरून. हे पुढे, हातात किल्ली आधीच काढून धरलेली. कोपऱ्यावर वळलो तर कुणीतरी लवंगी लावली, आणि आमच्या अंधाऱ्या घरातून एक बारीक भुंकणं ऐकू आलं. हे तिथूनच, भर रस्त्यात, मोठ्यानं म्हणाले, ‘आलो रे राजा, आलो!’