सवाईला जाऊ या!

दोस्तांनो, मरोळच्या मुलांना आवाजाचं काही नवल नाही. डोक्यावरून सहारला उतरणारी विमानं, रस्त्यावर हॉर्न, वरून धडधडत जाणारी मेट्रो! पण एकच आवाज तासभर, गप्प बसून, कान देऊन ऐकलाय कधी? नसेल, तर येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या मागे लागा आणि पुण्याला जा. तिथे 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' भरतो. रसिक त्याला लाडानं नुसतं 'सवाई' म्हणतात.

जायचं कसं? मरोळ नाक्यावरून मेट्रोनं घाटकोपर, तिथून लोकलनं दादर आणि मग पुण्याची गाडी. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात. पुढचे बोगदे मोजत बसा. आणि हो, स्वेटर, कानटोपी विसरू नका! कार्यक्रम मैदानावरच्या मांडवात असतो. संध्याकाळ झाली की पुण्याची थंडी अशी झोंबते म्हणता!

आता हे सवाई गंधर्व कोण? त्यांचं खरं नाव रामभाऊ कुंदगोळकर. गुरू अब्दुल करीम खाँ. संगीत नाटकांत त्यांचं गाणं इतकं गाजलं, की लोकांनी त्यांना 'सवाई गंधर्व' ही पदवी दिली. सवाई म्हणजे सव्वापट!

त्यांच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. १९३३ साली, जेमतेम अकरा वर्षांचा असताना, गुरूच्या शोधात तो गदगच्या घरातून पळाला होता! (तुम्ही मात्र आई-बाबांना सांगूनच निघा.) गुरू १९५२ साली गेले, आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. २०११ साली भीमसेनजीही गेले, तेव्हा उत्सवाला त्यांचंही नाव जोडलं. बरीच वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होई. २०१८ पासून तो मुकुंदनगरला भरू लागला. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली मात्र मांडव पडलाच नाही.

"पण आम्हाला कंटाळा येईल ना!" असं म्हणताय? येईलच थोडा. मग एक खेळ खेळा. तबल्यावर एकताल चालू असेल, तर त्याच्या मात्रा बारा. विलंबित लयीत त्यांचं एक आवर्तन पुरं व्हायला कधी कधी पाऊण मिनिट लागतं. पहिल्या मात्रेला म्हणतात सम. गायक कितीही लांब भटकला तरी समेवर परत येतोच. तो नेमका कधी येणार ते ओळखा. बरोबर साधलं, की शेजारच्या आजोबांची मान आणि तुमची मान एकदमच हलेल!

आता एक अवघड प्रश्न. पूर्वी सवाई रात्रभर चाले. प्रत्येक रागाला आपली वेळ असते. पूरिया धनाश्री संध्याकाळचा, मालकंस उत्तररात्रीचा, ललित पहाटेचा. श्रोते घोंगड्या पांघरून पहाटेचे राग पहाटेच ऐकत. पण २००० साली आवाजाच्या प्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट. सवाईच्या रात्री संपल्या. जुने रसिक अजून हळहळतात.

पण शेजारच्या इमारतीत आजारी आजी असेल, परीक्षेचा अभ्यास करणारी ताई असेल, तर? गणपतीत आपल्या गल्लीतला ध्वनिक्षेपक दहाला बंद होतो तेव्हा आपणही कधी खट्टू होतो, कधी "सुटलो बाबा!" म्हणतो. गाणं कितीही गोड असलं, तरी ते ऐकायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायला नको का? घरी सगळे मिळून वाद घाला बघू यावर!

एक मात्र कराच. पहिल्याच दिवशी कार्यक्रमाआधी जाऊन बसा आणि तंबोरे जुळवताना ऐका. तारा चारच! आधी त्या चार वेगवेगळ्या ऐकू येतात. मग एका क्षणी चौघींचा मिळून एकच आवाज होतो. तो क्षण ज्याला कळला, त्याचं पुण्याचं तिकीट वसूल झालं!