वडाळ्याचा वारा आणि विजेचं बिल

वडाळा म्हटलं की आपल्याला आठवते ती आषाढी एकादशी! कात्रक रोडवरच्या विठोबाच्या देवळापुढे लांबच लांब रांग, वरून पाऊस, आणि मध्येच असा झोत येतो की छत्री उलटीच होते. पण मैत्रिणींनो, एकदा वडाळ्याला नुसता वारा पाहायला जा. हो, वारा पाहायलाच! पर्समध्ये हातभर रेशमी दोरा तेवढा असू द्या.

पावसाळा सोडून जाणार असाल तर दुपारी तीन-चारला जावं. जमीन तापली की समुद्रावरचा पश्चिमेचा वारा शहरात शिरतो. फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखाली दोरा धरा, जेमतेम हलेल. मग हार्बर लाइन ओलांडून भक्ती पार्कच्या उंच इमारतींकडे या. दोन मनोऱ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात वारा घुसला की दोरा आडवा होतो, आणि इमारतीच्या आडोशाला गेलात की मलूल लोंबतो. दहा पावलांत केवढा फरक!

कारण अगदी घरगुती आहे. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं ना, तसंच हे. वाट अरुंद झाली की वाऱ्याचा वेग वाढतो. आणि वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते बरं का!

निसर्गाने ही युक्ती केव्हाच केली आहे. ठोसेघरचा धबधबा पाहून आलेल्यांनी चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्याच असतील. मोसमी वारा सह्याद्री चढतो आणि माथ्यावर वेग घेतो. पालघाटला तर डोंगरातच सुमारे तीस किलोमीटर रुंद खिंड आहे. तिच्यातून वारा थेट कोइमतूरकडे धावतो. माणसाने हीच खिंड इमारतींनी बांधली ती बहारीनमध्ये. तिथल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे २४० मीटर उंच दोन मनोरे शिडांच्या आकाराचे आहेत. ते समुद्रावरचा वारा मधल्या फटीत ओढून घेतात, आणि त्या फटीत २९ मीटर व्यासाच्या तीन पवनचक्क्या २००८ साली फिरू लागल्या.

मग आपल्याही गच्चीवर एक चक्की बसवावी का? सोसायटीच्या सभेत कुणी विक्रेता आला तर जरा थांबा. लंडनच्या स्ट्राटा इमारतीच्या माथ्यावर २०१० साली अशाच तीन चक्क्या बसवल्या. त्या बराच काळ थांबलेल्याच राहिल्या. शहरातला वारा इमारतींना आपटून भोवरे घेत येतो, आणि भोवऱ्यात चक्की नीट चालत नाही. म्हणून विक्रेत्याला विचारा: आमच्याच गच्चीवर वर्षभर वारा मोजलात का? आवाजाचं काय? हादऱ्यांनी स्लॅबला तडे गेले तर? उत्तरं गुळमुळीत आली तर तो पैसा सौर पॅनेलला ठेवावा हे बरं.

वडाळ्याच्या वाऱ्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा नकाशा सहीसाठी समोर आला की आपण ओटा किती फुटांचा तेवढंच पाहतो. त्याआधी खिडक्या पाहा. पश्चिमेच्या खिडकीसमोर दुसऱ्या भिंतीलाही खिडकी आहे का? शेजारच्या इमारतीपर्यंत पुरेशी मोकळी जागा आहे का? छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. असे दोन पंखे रोज आठ तास बंद राहिले तर महिन्याला ३६ युनिट वाचतात, आणि तेही चक्की न बसवता!

सही एकदाच करायची असते. त्या घरात उकडत मात्र जन्मभर राहावं लागतं. तेव्हा नकाशा नीट पाहून मगच पेन उचला.